एक जूनचा वाढदिवस

द्राक्षांची हातगाडी आज पहिल्यांदा आमच्या गल्लीत आली. मी गॅलरीत स्वेटर घालून बसले होते. नाशिकची थंडी फेब्रुवारीत जाते म्हणतात, पण सकाळी नऊपर्यंत तरी ती कुठेही गेलेली नसते. गाडीवाल्याने कागदाच्या कातरणांवर घड मांडले होते आणि मण्यांवरची ती पांढरट भुकटी, जी बोट लागलं की पुसली जाते, अजून तशीच होती. मी अर्धा किलो घेतली, धुतली, चाळणीत निथळत ठेवली. खाल्ली मात्र नाहीत. गेली कित्येक वर्षं माझं असंच होतं. 

रेवा, रविवारी फोनवर तू विचारलंस, "आजी, बाबाला दोन बर्थडे का आहेत?" शाळेत तुम्हाला म्हणे घरातल्या माणसांची एक लांब पट्टी करायची आहे. कोण कधी जन्मलं, कोण कधी कुठून कुठे आलं. बाबाच्या पासपोर्टवर एक जून आहे आणि आजी तर दर वर्षी बावीस सप्टेंबरला फोन करते. मागून तुझ्या भावाने, अन्वयने, ओरडून सांगितलं की बाबा इंग्लंडच्या राणीसारखा आहे, एक खरा वाढदिवस आणि एक सरकारी. मी हसले आणि म्हटलं, लिहून पाठवते. जोडाक्षरांपाशी तुम्ही दोघं अजून अडखळता, म्हणजे हे पत्र बाबाच वाचून दाखवणार. ते लक्षात ठेवूनच लिहिते आहे.

हा प्रश्न पहिल्यांदा निघाला तेव्हाही असेच दिवस होते. सकाळी थंडी, दुपारी उन्हाचा चटका, आणि ज्याला त्याला आभाळाची काळजी. द्राक्षात गोडी भरायचे दिवस आणि अवकाळी ढग यायचे दिवस नाशिकला एकच असतात. ज्यांची बोटभर जमीन नाही अशी आमच्या कॉलनीतली माणसंही त्या महिन्यात दाराबाहेर आली की आधी वर बघतात. तुमच्याकडेही याच सुमारास द्राक्षं येतात असं तुमचा बाबा मिलिंद सांगतो. ती पिशवीत बंद असतात आणि आभाळाकडे कोणी बघत नाही म्हणे.

तुमचा बाबा तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. मेलबर्नला जाऊन त्याला दीड वर्ष झालं होतं. यंत्रांचे सुटे भाग आखायचं त्याचं काम, आणि त्या कामापुरता व्हिसा. तो जूनमध्ये संपणार होता. त्याआधी कायम राहण्याची परवानगी मिळाली तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळून परत. आणि परत म्हणजे कशावर, हा प्रश्न होता. ओझरच्या विमान कारखान्यातली नोकरी तो सोडून गेला होता, आणि ती परमनंट नोकरी होती.

परमनंट हा शब्द तुम्हाला इंग्रजी वाटेल. तो आमच्या नाशिकचा आहे. ओझरला, सातपूरला, अंबडला, जिथे जिथे भोंगा वाजतो तिथे तो घराघरात बोलला जातो. माझं लग्न ठरताना माझ्या वडिलांनी मुलाबद्दल एकच गोष्ट विचारली होती, परमनंट आहे का. तुमच्या आजोबांना ओझरचं ते पत्र मिळून तेव्हा अकरा दिवस झाले होते. बारा दिवस आधी ते बघायला आले असते तर मी त्यांना पोहे देऊन परत पाठवलं असतं. मिलिंदही पुढे त्याच कारखान्यात लागला, कायम झाला आणि तीन वर्षांनी राजीनामा देऊन आला. त्या दिवशी आजोबा कारखान्याच्या बसमधून उतरले ते तडक घरात शिरले. आठ दिवस बाप-लेकांत शब्द नव्हता. नवव्या दिवशी जेवताना त्यांनी ताटाकडे बघत विचारलं, "तिकडे परमनंट करतात का?"

मी तेव्हा त्या शब्दाचा फार विचार करत असे. नोकरीत कायम झाला म्हटलं की पेढे वाटतात. कायमचा गेला म्हटलं की माणसं पांढरे कपडे घालून येतात. मधे फक्त एक 'चा'.

आमच्याकडे इंदूबाई यायच्या. दिंडोरीकडच्या एका बागेत त्या खुडणीला जायच्या आणि घडांतून गळलेले सुटे मणी मालकाकडून घेऊन टोपलीत भरून आमच्या कॉलनीत विकायच्या. टोपली उतरवायला हात लावला की त्या पायरीवर बसत, पाणी मागत आणि मग साऱ्या कॉलनीची खबर घेत. त्यांचा धाकटा मुलगा अंबडच्या एका कारखान्यात सहा वर्षं टेंपरवारी होता, त्यामुळे या विषयात त्यांना गोडी होती.

"मिलिंदाचं काय झालं बाई? झाला का परमनंट?"

मी म्हटलं, अजून नाही.

"होईल. झाला म्हंजी लय बरं. हक्काची रजा लागू होती. मंग येत जाईल घडीघडी."

मी हो म्हटलं आणि पाणी आणायला आत गेले. टेंपरवारी असला तर मुलगा परत येतो आणि परमनंट झाला तर येत नाही, हे त्यांना समजावून सांगायचं तर आधी मला ते मोठ्याने म्हणावं लागलं असतं.

आणि त्याच आठवड्यात, रविवारी सकाळी, फोन आला. तिकडच्या कचेरीचं पत्र आलं होतं. बाकी सगळे कागद ठीक, पण जन्माची नोंद सोबत नाही, ती पत्राच्या तारखेपासून साठ दिवसांत सादर करावी. मिलिंद मजेत होता. "आई, तुझ्या फायलीत असेलच की. तुझ्या फायलीत नाही असं काही नसतं."

ते खरंच होतं. कपाटात त्याची हिरवी फाइल होती. लसीचं कार्ड, पहिलीपासूनच्या गुणपत्रिका, स्काउटचा दाखला, पदवी, सगळं तारखेवार. मी तेव्हा एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क होते आणि कागद हाच माझा धंदा होता. मिलिंद आठ-नऊ वर्षांचा असताना मी त्याला शिकवलं होतं की कोणताही कागद हातात आला की आधी तारीख बघायची, मजकूर नंतर. मग तो किराणा दुकानाच्या कॅलेंडरपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळ्याची तारीख आधी मोठ्याने वाचायचा. पाहुणे हसायचे.

त्या फायलीत जन्माचा दाखला नव्हता. कोणी विचारलं तर मी म्हणायची, येवल्याहून आणायचा राहिला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नोंद येवल्याला. सत्तावीस वर्षांत मी येवल्याला शंभर वेळा गेले असेन. तो आणायचा राहिला नव्हता. मी आणला नव्हता.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर, रेवा.

ज्या वर्षी मिलिंदला शाळेत घालायचं होतं त्याच वर्षी माझ्या सासूबाई गेल्या. तोवर तो त्यांच्या पायांत घुटमळत वाढला होता. आता मी कॉलेजात आणि आजोबा ओझरला गेल्यावर तो कोणाजवळ राहणार? शाळेत घालावा तर पहिलीला सहा वर्षं पूर्ण हवीत, आणि तो सप्टेंबरचा. जूनमध्ये त्याला जेमतेम पावणेसहा होत होती. मी त्याचं बोट धरून शाळेच्या ऑफिसात उभी होते. हेडगुरुजी भला माणूस. त्यांनी दौतीत टाक बुडवला, रजिस्टरवर धरला आणि मान वर न करता म्हणाले, "बाई, एक जून टाकू का? पोराचं वर्ष वाचेल."

मी म्हटलं, "टाका."

यात त्यांना किंवा मला काही विशेष केल्यासारखं वाटलं नाही, हे तुम्हाला तिकडे बसून कळणं कठीण आहे. त्या पिढीत एक जूनला जन्मलेली मुलं इतकी आहेत की आपल्याकडची निम्मी बाळंतपणं त्या एका दिवसात उरकली असं कोणालाही वाटावं. मिलिंदच्या वर्गात अशी बरीच होती. आणि गंमत म्हणजे एक जूनला शाळेला सुट्टी असायची, त्यामुळे त्यांच्या वाढदिवसाला वर्गात गोळ्या कधी वाटल्याच गेल्या नाहीत.

पण मी पुढे ज्या खुर्चीवर बसले, ती खुर्ची नेमकी जन्मतारखांची होती. दाखल्याशी अर्ज ताडून बघायचा, फरक दिसला तर परत करायचा. निफाडकडचे एक गृहस्थ एकदा मुलीला घेऊन आले होते. मुलीची शाळेतली तारीख चुकीची पडली होती, भरतीसाठी खरी हवी होती, कॉलेजच्या कागदांत तेवढी दुरुस्त करून द्या म्हणत होते. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. मी त्यांना म्हटलं, "काका, जन्म एकदाच होतो. तारखा दोन कशा असतील?" त्यांनी दाखला पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीची नीट घडी केली आणि गेले. ऑफिसात सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं.

मिलिंदचा फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा ती पिशवीची घडी आठवली.

आजोबांच्या ओळखीचे एक वकील होते, आम्ही त्यांच्याकडे गेलो. मी सगळं सांगितलं. पासपोर्ट, गुणपत्रिका, पदवी, नोकरीचे दाखले, सगळीकडे एक जून. फक्त येवल्याच्या रजिस्टरात बावीस सप्टेंबर. ते ऐकून वकील अगदी शांतपणे हसले. त्यांच्याकडे असे रोज येत असावेत.

"तुम्ही येवल्याला एक जूनची नोंद शोधायचा अर्ज द्या. जूनमध्ये नोंद नाहीच, तर नोंद सापडत नाही असा दाखला मिळेल. खराखुरा दाखला. सोबत आईचं प्रतिज्ञापत्र, की मुलगा एक जूनला झाला. झालं काम. यात कचेरी खोटं बोलली नाही, वकील खोटं बोलला नाही."

"आणि आई?" मी विचारलं.

वकिलांनी आजोबांकडे बघितलं. घरी येताना आजोबा म्हणाले की काय फरक पडतो, तीन महिने एकवीस दिवस. त्यांनी हिशेब आधीच करून ठेवला होता. मी खरं लिहायचा हट्ट धरला आणि तिकडच्यांनी म्हटलं की या माणसाचा प्रत्येक कागद खोट्या तारखेवर उभा आहे, तर? मग परमनंट राहिलं बाजूला, पोरगा खोटारडा ठरेल. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मला त्या रात्री आणि पुढच्या बऱ्याच रात्री झोप नव्हती. ऑफिसात मी लोकांचे अर्ज दोनदा तपासायची, कारण पहिल्यांदा काय वाचलं ते लक्षात राहत नसे.

साठातले तेहतीस दिवस गेले होते तेव्हा मी एक गुरुवारची रजा टाकून येवल्याला निघाले. पर्समध्ये अर्ज होता, त्यावर माझ्या अक्षरात एक जून. एसटी निफाडच्या पुढे गेली तशी दोन्ही बाजूंना लाल कांद्याचे ढीग सुरू झाले. तो वास खिडकीतून आत येऊन पदरात बसतो आणि येवल्याला उतरल्यावरही आपल्याबरोबर चालत राहतो. आमच्या माहेरच्या गल्लीत मागांचा खट-खट आवाज चालू होता. लहानपणी तो आवाज थांबला की मी दचकून जागी होत असे.

माझा भाऊ बाळू तेव्हा त्या घरात एकटाच राहत होता. त्याने पिठलं-भाकरी केली होती. जेवता जेवता मी त्याला अर्ज दाखवला, कारण नगरपालिकेत कुठल्या खिडकीशी जायचं ते त्याला ठाऊक होतं. त्याने चष्मा नाकावर खाली ओढून वाचलं.

"अक्का, हे जून काय लिहिलंस?"

मी म्हटलं, मिलिंदाचं तिकडचं कागदाचं काम आहे, तसंच लागतं.

बाळू भाकरी मोडत राहिला. मग म्हणाला, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, सगळं गाव विसर्जनाने थकून झोपलेलं, माग सुद्धा बंद. त्या शांततेत तुझा एकटीचा आवाज चार गल्ल्या ऐकत होत्या. सुईण मिरवणुकीत नाचून आलेली, तिच्या केसांत अजून गुलाल. बाळ हातात घेतलं तर त्याच्या कपाळाला तो लागला आणि आपली आई तिच्यावर चिडली. हे सगळं तो हसत सांगत होता. मग हसायचा थांबला.

"जूनमध्ये झाला म्हणतेस तो ठीक. मग बावीस सप्टेंबरला आपल्या ओसरीवर जो रडला, तो कोणाचा?"

मी हात धुतले. नगरपालिकेपर्यंतची वाट दहा मिनिटांची असेल, मला ती फार लांब वाटली. खिडकीपाशी एक तरुण क्लार्कबाई होती. इतकी वर्षं मी काउंटरच्या त्या बाजूला बसले होते. या बाजूने काउंटर उंच दिसतो. तिने अर्ज वाचून विचारलं, "एक जूनच ना, मावशी?" मी म्हटलं, जरा द्या. अर्जावरच्या तारखेवर आडवी रेघ मारली, वर बावीस सप्टेंबर लिहिलं आणि खाडाखोडीशेजारी सही केली, नियमाप्रमाणे.

रजिस्टर लाल कापडात बांधलेलं होतं. तिने पान उघडून माझ्याकडे वळवलं. नोंद माझ्या वडिलांनी तिसऱ्या दिवशी दिली होती. बापाचं नाव, आईचं नाव, लिंग पुरुष, तारीख. बाळाच्या नावाचा रकाना रिकामा, कारण बारसं व्हायचं होतं. मी त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. तेवढे बारा दिवस तो कोणीच नव्हता. ना मिलिंद, ना इंजिनिअर, ना अर्जदार. नुसता माझ्या कुशीत झोपलेला एक जीव. क्लार्कबाईने नावाचा अर्ज भरून घेतला, रकाना भरला आणि संध्याकाळच्या आत शिक्का मारून नक्कल माझ्या हातात दिली. फार नीट काम होतं तिचं. मी तसं तिला म्हटलंही.

यापुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही.

नक्कल गुरुवारी मिळाली. शुक्रवारी प्रतिज्ञापत्र टाइप करून शनिवारी पाकीट कुरिअरला देता आलं असतं. ऑफिसात माझ्या टेबलावर एखादा कागद दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिला तर मला जेवण जात नसे. ती नक्कल मी कपाटात, लग्नातल्या पैठणीच्या घडीत ठेवली आणि कपाटाला किल्ली लावली. आजोबांना म्हटलं, भाषांतर करते आहे, घाई केली तर चूक होईल. रविवारी मिलिंदचा फोन आला. त्याने विचारलं, "आई, मिळालं का?"

मी म्हटलं, "नाही रे अजून. जुनी रजिस्टरं आहेत, वेळ लागतो म्हणाले."

किती सहज म्हटलं. ज्या बाईने चार तासांत माझं काम केलं होतं, तिच्यावर ढकललं. तो म्हणाला, काही हरकत नाही, पण दिवस मोजकेच राहिलेत गं. मला दिवस ठाऊक होते. मी ते त्याच्यापेक्षा बारकाईने मोजत होते. साठ दिवस उलटले तर मी काहीच केलेलं नसणार होतं. ना खोटी शपथ, ना खरी. जूनमध्ये व्हिसा संपेल, तो घरी येईल, काही महिने चिडेल आणि मग सातपूरला, अंबडला कुठेतरी लागेल. सोमवारी ऑफिसातून आल्यावर मी त्याच्या खोलीतलं माझं शिवणाचं मशीन ढकलत ढकलत बाहेर आणलं आणि खाट पुन्हा खिडकीखाली लावली. गादीला ऊन दिलं. आजोबा ओझरहून आले, दारात उभं राहून खोलीकडे बघितलं आणि विचारलं, कोण येणार आहे का. मी म्हटलं, नाही, झाडून घेतलं फक्त. ते चपला काढायच्या विसरून तसेच उभे होते.

त्या आठवड्यात आभाळ भरून येत होतं आणि रिकामं होत होतं. रस्त्यावर कोणी कोणाला बघून हसत नव्हतं. गुरुवारी दुपारी पाऊस आलाच. अर्धा-पाऊण तास, जाड थेंबांचा, वाऱ्यासकट. कॉलेजच्या ऑफिसातले निम्मे लोक खिडकीशी उभे राहिले, कारण कोणाच्या भावाची बाग होती, कोणाच्या सासऱ्यांची. इंदूबाई दोन दिवस आल्या नाहीत. शनिवारी सकाळी आल्या. टोपलीत नेहमीपेक्षा टपोरे मणी होते, पण प्रत्येकाला एक बारीक चीर. त्यांतून रस गळून टोपलीचं बूड ओलं झालं होतं.

"पाणी लागलं अन् तडकले," त्या म्हणाल्या. "काढायला झालती बाग. मालक म्हणला, आठ दिस ऱ्हाऊ द्या वेलावर, अजून गोडी भरंल. भरली गोडी."

त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत. एक मणी उचलून तोंडात टाकला आणि मला एक दिला. इतकं गोड द्राक्ष मी त्या हंगामात खाल्लं नव्हतं.

मी विचारलं, आता याचं काय करणार.

"आजच खायाचं. उद्या आंबतंय."

मी दोन किलो घेतले. कोण खाणार होतं कोणास ठाऊक. मग आत जाऊन कपाट उघडलं, टेबलावरची पुस्तकं बाजूला केली आणि टाइपरायटर काढला. इंग्रजीत मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वतीने पत्रं लिहिली होती, खाली सही नेहमी साहेबांची. हे पहिलं माझ्या स्वतःच्या नावाने. मी अमुक, वय अमुक, राहणार नाशिक, शपथेवर लिहून देते की माझा मुलगा बावीस सप्टेंबरला जन्मला. शाळेत घालताना त्याची तारीख एक जून अशी मी सांगितली. तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. चूक माझी एकटीची आहे. दुपारी आजोबांनी ते वाचलं. म्हणाले, एवढं शेवटचं वाक्य कशाला, वकिलाला विचारून काढून टाक. मी नाही काढलं. संध्याकाळी नोटरीचा शिक्का झाला आणि पाकीट मिलिंदकडे गेलं. साठातले अठरा दिवस उरले होते.

पुढचे अडीच महिने कसे गेले ते मला सलग आठवत नाही. तुकडे आठवतात. फोन वाजला की हातातलं दूध तसंच गॅसवर सोडून धावणं. चैत्रातलं हळदीकुंकू, आणि तुमच्या आईच्या आईचा फोन. तुमची आई तेव्हा आमच्या घरात यायची होती, बोलणी चालू होती, आणि त्या फार नाजूकपणे विचारत होत्या की जावईबापू तिकडे परमनंट झाले का. आजोबांचं रोज कारखान्यातून येऊन आधी फोनकडे बघणं. आणि माझी ती भीती, की मी खरं लिहून त्याला बुडवलं. आणि तिच्याखाली दुसरी, की बुडवायचंच होतं म्हणून खरं लिहिलं का?

मे महिन्यात एका सकाळी आमरसाला आंबे पिळत होते. हात कोपरापर्यंत भरलेले, म्हणून फोन आजोबांनी घेतला आणि माझ्या कानाला धरला.

"आई, परमनंट झालो."

तो तिकडचा लांबलचक सरकारी शब्द वापरू शकला असता. त्याने ओझरचा वापरला. आजोबा दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या बसमधून दोन किलो पेढे घेऊन गेले आणि रिकामे डबे घेऊन आले. मी शिवणाचं मशीन पुन्हा त्या खोलीत नेलं. एकटीला ते हलेना, आजोबांनी दुसऱ्या बाजूने धरलं. कशासाठी बाहेर आणलं होतं ते त्यांनी विचारलं नाही.

पुढच्या हंगामात इंदूबाईंनी टोपली उतरवायच्या आधीच विचारलं, मग रजा किती. मी म्हटलं, दोन वर्षांतून तीन आठवडे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू कोणीतरी मला चांगलंच फसवलं आहे.

"मंग कसला वो परमनंट?"

रेवा, तुझ्या पट्टीसाठी तारखा नक्की कराव्यात म्हणून परवा मी हिरवी फाइल काढली. तिच्यात त्या येवल्याच्या नकलेची झेरॉक्स आहे. ती मी किती वेळा पाहिली असेल, पण माझी नजर नेहमी वर जाते, जन्माच्या तारखेकडे. परवा पहिल्यांदा खाली गेली. सहीशेजारी, शिक्क्याच्या आत, नक्कल दिल्याची तारीख आहे. गुरुवारची. स्वच्छ, ठळक. आणि प्रतिज्ञापत्रावर नोटरीची तारीख नऊ दिवसांनंतरची. दोन्ही कागद मी एकाच पाकिटात, एकावर एक टाचून पाठवले होते. इतकी वर्षं लोकांचे दाखले तपासणाऱ्या बाईने.

आणि ते पाकीट ज्याने उघडलं त्या मुलाला कागदाची तारीख आधी वाचायची सवय होती.

आता मला त्यानंतरच्या रविवारचा फोन आठवतो. तो म्हणाला, "आई, पाकीट मिळालं. सगळं नीट आहे." मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं, लाइन तुटली, तेव्हा तसं फार व्हायचं. मी हॅलो हॅलो म्हणत राहिले. मग त्याचा आवाज आला. "द्राक्षं संपली का गं?" मी म्हटलं, संपत आली. एवढंच. त्या नऊ दिवसांचं त्याने ना तेव्हा विचारलं, ना लग्नाला आला तेव्हा, ना तुमच्या बारशाला आम्ही तिकडे आलो तेव्हा.

तेव्हा पट्टीवर बावीस सप्टेंबर लिही. खाली हवं तर एक जून लहान अक्षरात लिही आणि बाई विचारतील तर सांग की ती आजीची चूक. नऊ दिवसांना पट्टीवर जागा नसेल. ते मी इथे लिहिले, पुरे.

आणि बाबा वाचता वाचता इथे थांबला असेल तर त्याला पुढे वाच म्हणू नका. पुढे काही नाही. मिलिंद, मुलांना द्राक्षं धुऊन दे. माझीही चाळणीत केव्हाची निथळली आहेत. आता खाते.